दिवाळीला पोरं घरी आली पाहिजेत
आटपाडी तालुक्यातल्या आणि तालुक्याबाहेर गेलेल्या सर्वांना आवाहन



आटपाडी, दिघंची, खरसुंडी, करगणी, झरे, निंबवडे, शेटफळे, माडगुळे आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावा-वाडीतल्या लोकांना, आणि सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगलेल्या आपल्या गलाई बांधवांना ही कळकळीची विनंती आहे. शिष्यवृत्तीवर, शासनाच्या भत्त्यावर किंवा कुणाच्या देणगीवर बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या घरी येण्या-जाण्याच्या भाड्याची सोय गावानं करावी, आणि ती याच दिवाळीपासून करावी. दसरा तोंडावर आला आहे. दसऱ्यापासून दिवाळी जेमतेम तीन आठवड्यांवर असते. आज बोललो नाही तर पोरं सुट्टीत वसतिगृहाच्या खोलीत बसून राहतील, किंवा उसनवारी करून येतील आणि ती फेडताना पुढचा महिनाभर अर्धपोटी राहतील.

मी या तालुक्यात शिक्षक म्हणून नोकरी केली. बारावीनंतर आपली पोरं सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, पुणे, मुंबईला जातात. प्रवेश मिळाला की आपण त्यांचा सत्कार करतो. फी माफ झाली, भत्ता मंजूर झाला की आपल्याला वाटतं, पोराचा प्रश्न सुटला. फीचा प्रश्न खरोखरच बराचसा सुटतो, आणि त्याबद्दल शासनाला धन्यवादच दिले पाहिजेत. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांवर आज आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं मुलांना शिकवण्याची हिंमत करतात.

पण या सगळ्या हिशेबात एक खर्च कुठेच मांडलेला नाही. तो म्हणजे घरी यायचं भाडं.

स्वाधार योजनेचाच हिशेब बघा. २०१६-१७ साली योजना सुरू झाली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांत शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. इतर काही महापालिकांच्या शहरांत ५१,०००. त्यातही निर्वाहाचे ८,०००च. वह्या-पुस्तकांसाठी वरून थोडी रक्कम मिळते. जेवण आहे, खोली आहे, साबण-तेल आहे, पुस्तक आहे. प्रवासाचा रकाना नाही. आधार योजनेतली मांडणीही अशीच आहे.

आता भागाकार करा. निर्वाहाच्या ८,००० रुपयांचे महिन्याला ६६७ रुपये पडतात. पुणे आटपाडीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. साध्या लालपरीनं जाऊन-येऊन मुलाला सहा-सातशे रुपये लागतात. म्हणजे एकदा घरी आलं की महिन्याचा निर्वाह भत्ता संपला. त्यातून साबण, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स, आजारपणाच्या गोळ्या यांतल्या कशालाही काही उरत नाही. मग पोरगा कुठून पैसे काढतो? जेवणातून. मेसचा रात्रीचा डबा बंद करतो, नाश्ता सोडतो, दोघांत एक डबा घेतो. घरी आल्यावर आई विचारते, "एवढा का रं वाळलास?" आणि तो म्हणतो, "अभ्यास लई असतो."

भत्त्याची वाटणी ठरली त्यानंतर एसटीचं भाडं तीनदा वाढलं. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के, आणि २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के. तिन्ही वाढी एकावर एक धरल्या तर तेव्हाचं शंभर रुपयांचं तिकीट आता १५९ रुपयांच्या घरात जातं. एसटीलाही डिझेल, टायर, पगार आहेत. तिच्याशी आपलं भांडण नाही. डोंगराकडेच्या वाडीपर्यंत जाणारी तीच एक गाडी आहे. पण वाढलेलं भाडं कुणाच्या ताटातून वजा होतं, हे गावाला माहीत असलं पाहिजे.

शिवाय भत्त्याचा हप्ता ठरल्या दिवशी हातात पडत नाही. महाडीबीटीवर अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, आधार-जोडणी, त्रुटी, पुन्हा अर्ज, अशा फेऱ्यांत महिने जातात. वर्ष सरता सरता पैसे जमा झाल्याचे अनुभव घरोघर आहेत. दिवाळीचं भाडं मात्र दिवाळीतच द्यावं लागतं.

काहींना वाटेल, घरी येणं ही हौस आहे. पैसे नसले तर येऊ नये, फोनवर बोलावं. ज्यांना असं वाटतं त्यांच्यापुढे आपल्या तालुक्यातलीच परिस्थिती ठेवतो.

पहिली गोष्ट, बऱ्याच मेस दिवाळीत बंद असतात, काही वसतिगृहंही बंद होतात. ज्या मुलाच्या जेवणाचे पैसे मेसमध्ये भरलेले असतात, त्याला त्या आठ-दहा दिवसांत हॉटेलात जेवणं परवडत नाही. त्याला घरी यावंच लागतं.

दुसरी गोष्ट कागदांची. ज्या शिष्यवृत्तीवर मुलगा शिकतो तिच्याच कागदांसाठी त्याला गावी यावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चअखेरीस संपते, दरवर्षी नवा काढावा लागतो. तलाठी, तहसील, सेतू केंद्र, रेशनकार्ड, वडिलांची सही, बँकेत आधार-जोडणी. जात पडताळणीसाठी सांगलीची फेरी वेगळीच. यातलं काही आता ऑनलाइन होतं, पण ज्या घरात आई-वडील दोघंही अंगठा लावतात तिथं ऑनलाइनचं काम करणारा मुलगाच असतो. ही कामं सुट्टीच्या दिवशी होत नाहीत. कामाच्या दिवशी यायचं म्हणजे तासिका बुडतात, आणि स्वाधारसारख्या योजनेला ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. म्हणून ज्याला यायचं आहे त्याला एका फेरीत सगळं उरकावं लागतं. फेरी चुकली तर पुढच्या वर्षाचा भत्ताच अडतो.

तिसरी गोष्ट आपल्या माणदेशाची आहे, आणि ती बाहेरच्यांना लवकर कळत नाही. आपल्याकडे दिवाळी ही घर भरण्याची शेवटची वेळ असते. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीची जोडपी बिऱ्हाड बांधून निघतात. मेंढपाळही कळप घेऊन चाऱ्यासाठी दूरच्या मुलखात उतरतात. अशा घरातला पोरगा दिवाळीला आला नाही तर त्याची आणि आई-बापांची गाठ थेट उन्हाळ्यात पडते. मेंढपाळाच्या पोराला तर मधल्या काळात घर गाठायचं म्हणजे आधी वाडा कुठल्या गावच्या शिवारात बसला आहे ते फोनवर विचारावं लागतं आणि तिथवर दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतात. त्याच्या भाड्याचा हिशेब कुठल्याही कार्यालयाच्या कोष्टकात बसणार नाही. तो फक्त गावाला समजू शकतो.

चौथी गोष्ट अवेळीच्या निरोपाची. बापाला झटका आला, आजी गेली, बहिणीचं बाळंतपण अवघड झालं. अशा वेळी रात्री नऊ वाजता खिशात ऐंशी रुपये असलेल्या पोरानं काय करायचं? मित्रांपुढे हात पसरायचा, नाहीतर खासगी ट्रॅव्हल्सवाल्याला म्हणायचं, आटपाडीत उतरल्यावर देतो. अंत्यविधीला न पोहोचलेली पोरं आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्या घरचे लोक त्याबद्दल बोलत नाहीत; खरं कारण सांगायची लाज वाटते. ही लाज त्या घराची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

आपल्या गावाला ही समज नव्हती असं नाही. स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होती. १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. जन्मठेपेच्या कैद्यालाही तिथं कुटुंबासह राहता येतं, शेती करता येते. माणूस आपल्या माणसांपासून तुटला की तो सुधारत नाही, एवढं त्या राज्यकर्त्यांना कळलं होतं. याच कल्पनेवर पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आपल्याच शेटफळ्यात जन्मलेले. ज्या मातीत कैद्यासाठी एवढा विचार झाला, तिथल्या विद्यार्थ्याला भाड्याअभावी घरापासून तोडलं जाऊ नये.

गदिमांना स्वतःला शिकण्यासाठी घर सोडून औंधला जावं लागलं होतं. आटपाडीत १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात गावकुसाबाहेरच्या वस्तीतून निघून वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्या तालुक्याचं मोठेपण गाव सोडून शिकायला गेलेल्या गरिबांच्या मुलांनी उभं केलं आहे. आज जी पोरं वसतिगृहात आहेत ती त्यांच्याच वाटेवर आहेत.

आणि लोकवर्गणीतून मुलं शिकवणं ही तर आपल्या सातारा-सांगलीची रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा झालं, म्हणून ते बोर्डिंग चाललं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि आजही खेड्यातली हजारो मुलं त्या वसतिगृहांच्या आधारानं शिकून बाहेर पडलेली दिसतात. तेव्हा जेवण आणि निवारा ही अडचण होती, लोकांनी ती सोडवली. आज जेवण-निवाऱ्याला शासनाचा हात लागला आहे, अडचण भाड्याशी येऊन थांबली आहे. ती सोडवायला कुणाचे दागिने मोडावे लागणार नाहीत.

किती पैसे लागतील ते सांगतो. एखाद्या गावातली वीस मुलं बाहेरगावी भत्त्यावर शिकतात असं धरा. प्रत्येकाला वर्षातून दोन फेऱ्यांचं भाडं, फेरीला सातशे रुपये. चौदाशे गुणिले वीस, म्हणजे वर्षाला २८,००० रुपये. अडीनडीच्या प्रवासासाठी आणखी दहा हजार बाजूला ठेवले तरी चाळीस हजारांच्या आत काम होतं. मुलींना एसटीत अर्धं भाडं असल्यानं प्रत्यक्षात रक्कम याहून कमी लागेल. यात्रेत एका रात्रीच्या ऑर्केस्ट्राला, मिरवणुकीच्या डीजेला, वाढदिवसाच्या फ्लेक्सला आपण किती देतो ते प्रत्येक गावानं आपल्या मनाशी आठवावं. शंभर घरांनी वर्षाला चारशे रुपये दिले तर गावातलं एकही पोरगं भाड्यासाठी अडणार नाही.

म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं सांगणं आहे.

गावकऱ्यांना: घटस्थापनेच्या आत गावात एक वाटखर्ची निधी सुरू करा. नवी संस्था काढायची गरज नाही. हायस्कूलचे मुख्याध्यापक, बचत गटातली एखादी जबाबदार ताई आणि शिकून नोकरीला लागलेला गावातला एक तरुण, अशा तिघांच्या नावानं पतसंस्थेत किंवा बँकेत संयुक्त खातं उघडा. जमाखर्च दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवा, पण घेणाऱ्या मुलांची नावं वाचू नका. मुलानं तिघांपैकी एकाला फोन करावा, ओळखपत्राचा फोटो पाठवावा आणि तासाभरात भाड्याचे पैसे त्याच्या मोबाइलवर जावेत. जात विचारू नका, मार्क विचारू नका, बापाची दारू काढू नका. हे कर्ज नाही आणि बक्षीसही नाही. आणि पैसे देताना स्टेजवर बोलावणं, हार घालणं, फोटो काढणं, गटावर टाकणं हे कृपा करून करू नका. पोरांना मदत नको असते असं नाही, त्यांना तमाशा नको असतो.

गलाई बांधवांना: घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर भट्टीपुढे बसून खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेची वाट बघणं काय असतं, ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुमच्यातल्या अनेकांनी कोवळ्या वयात परमुलुख गाठला तो घरच्या दुष्काळानं. गावच्या देवळांना, शाळांना, पाण्याच्या कामांना तुम्ही नेहमी सढळ हातानं दिलं आहे. यंदा दिवाळीला गावी याल तेव्हा देवळाच्या वर्गणीबरोबर दोन पोरांच्या वर्षभराच्या भाड्याची जबाबदारी घेऊन जा.

पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आटपाडीकरांना: तुमच्या शहरात गावची कोणती पोरं शिकतात ते शोधा. स्वतःची गाडी घेऊन गावी निघाल आणि मागची सीट रिकामी असेल, तर एक फोन करा. दिवाळीच्या दिवसांत खासगी ट्रॅव्हल्सचे दर चढतात. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं खासगी गाडीनं घेऊ नये असा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे. कुणी त्याहून जास्त मागितलं तर परिवहन कार्यालयाकडे तक्रार करायला पोरांना मदत करा. एकटं पोर तक्रार करत नाही, मोठं माणूस बरोबर असलं की करतं.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना: सुट्टीत मूळ गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वेत सेकंड आणि स्लीपर वर्गात ५० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत मिळते. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं बहुतेक सवलती थांबवल्या तेव्हाही विद्यार्थ्यांची सवलत चालू राहिली. ती मिळते संस्थाप्रमुखाच्या सहीच्या ठराविक प्रमाणपत्रावर, आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. आटपाडीला रेल्वे नाही हे खरं, पण पुण्या-मुंबईहून कराड, सांगली, मिरज किंवा पंढरपूरपर्यंत रेल्वेनं येऊन पुढे एसटी धरता येते. तुमच्या कार्यालयात हे प्रमाणपत्र मागायला आलेल्या मुलाला दोन-तीन हेलपाटे घालायला लावू नका. त्याहून बरं म्हणजे सूचना फलकावर लावा की अशी सवलत आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणून सही सुट्टीच्या आदल्या दिवशी मिळून उपयोग नाही.

एसटीच्या अधिकाऱ्यांना: १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि शिकणाऱ्या मुलींना घरी यायला मोठा आधार मिळाला. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला त्या पासाचा उपयोग नाही, त्याला दिवाळी आणि उन्हाळ्याच्या फेरीत आधार हवा आहे. बोनाफाईड घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला जी सवलत देता येते ती खळखळ न करता द्या, आणि नियम काय आहेत ते आटपाडी आगारात आणि स्वारगेटला ठळक अक्षरांत लावा. आषाढीला गावातून चाळीस वारकरी जमले की तुम्ही थेट गावातून गाडी देता. तसंच दिवाळीच्या सुट्टीला आपल्या तालुक्यातली चाळीस मुलं नावं नोंदवून आली तर पुण्याहून आटपाडीला थेट गाडी सोडा.

लोकप्रतिनिधींना आणि शासनाला: स्वाधार, आधार, स्वयम् आणि वसतिगृह निर्वाह भत्त्यात वर्षातून दोन फेऱ्यांच्या एसटी भाड्याचं वेगळं कलम घाला, आणि ते अंतरावर ठरवा. सांगलीत शिकणाऱ्या आणि मुंबईत शिकणाऱ्या मुलाला एकच रक्कम देऊन चालणार नाही. ही मागणी जगावेगळी नाही. शासन आपल्या कर्मचाऱ्याला स्वग्राम रजा प्रवास सवलत देतं. नोकरी करणाऱ्या माणसानं आपल्या गावी जावं, त्याचं भाडं सरकारनं द्यावं, हे तत्त्व शासनानं मान्यच केलेलं आहे. ज्याला पगार आहे त्याला ते लागू आहे, मग ज्याला पगार नाही त्या विद्यार्थ्याला का नसावं? अमेरिकेत विद्यार्थ्याची मदत ठरवताना खर्चाचा जो हिशेब मांडतात, त्यात प्रवासाचं कलम कायद्यानं असतं. आपल्याकडेही ते आलं पाहिजे. आपल्या ग्रामसभेनं तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि समाजकल्याण कार्यालयाकडे पाठवावा.

काहींचं म्हणणं मला ठाऊक आहे. आम्ही पायी चालून शिकलो, या पोरांना सगळं आयतं कशाला? कष्टानं माणूस घडतो हे मान्य. पण ही पोरं कष्ट करतातच. सकाळी पेपर टाकतात, संध्याकाळी हॉटेलात, मेडिकल दुकानात, डिलिव्हरीच्या कामाला जातात, कमवा आणि शिका योजनेत तास भरतात. त्यांनी मिळवलेले पैसे पुस्तकांवर आणि पोटावर खर्च व्हावेत, एवढंच आपण म्हणतो आहोत. उपाशी राहून कुणी घडत नाही, खंगतो.

दुसरं म्हणणं, हे सरकारचं काम आहे. आहेच, आणि ते मागायचंच आहे. पण आपल्या तालुक्यानं सरकारची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं शिकलेलं नाही. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्या बरोबरीनं तेरा दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठं टेंभू योजनेचं पाणी या भागाला दिसलं. तोवर विहिरी खोदल्या, बांध घातले, टँकरच्या पाण्यावर डाळिंबाची झाडं जगवली. मागणी करायची आणि मागणी पुरी होईपर्यंत आपल्या हातानं सोय करायची, दोन्ही कामं आपण एकदम केली आहेत. पाण्यासाठी केलं ते पोरांसाठीही करू.

शेवटी विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी. भाडं मागायला संकोच करू नका. गावानं तुम्हाला दिलेले सातशे रुपये हे उपकार नाहीत. उद्या तुम्ही कमवाल तेव्हा तुमच्या मागून येणाऱ्या पोराचं तिकीट तुम्ही काढाल, एवढाच हा व्यवहार. आजच प्राचार्यांकडे जाऊन रेल्वे सवलतीचं प्रमाणपत्र मागा. एसटीच्या आगारात ओळखपत्र आणि बोनाफाईड घेऊन जा आणि सुट्टीच्या फेरीची सवलत मागा. उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद फोनवर सांगून आधीच गोळा करायला लावा, म्हणजे एका फेरीत काम होईल. आपल्या गावची, शेजारच्या गावची मुलं एकत्र येऊन नावांची यादी करा. एकट्यानं मागितलं तर विनंती होते, चाळीस जणांनी मागितलं तर गाडी मिळते. आणि घरून तातडीचा निरोप आला आणि खिशात पैसे नसले, तर आधी गावाकडे फोन करा. मित्राकडे, सावकाराकडे किंवा मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळू नका. त्या ॲपनी अनेक पोरांची आणि त्यांच्या घरच्यांची झोप उडवली आहे.

आई-वडिलांनाही एक सांगणं आहे. पोरगं सुट्टीला येत नाही म्हणालं, "अभ्यास आहे" म्हणालं, तर एकदा नीट विचारा, भाड्याला पैसे आहेत का. ते स्वतःहून सांगणार नाही.

प्रत्येक गावानं घटस्थापनेपर्यंत तिघांची नावं ठरवावीत. दसऱ्याला सोनं लुटून झालं की त्याच संध्याकाळी देवळात पहिली वर्गणी गोळा करावी. धनत्रयोदशीच्या आत शेवटच्या पोराच्या हाती तिकीट पडलं पाहिजे. ज्या गावाला जमाखर्चाची वही कशी ठेवावी, सवलतीचे अर्ज कसे भरावेत हे विचारायचं असेल त्यानं आपल्या जवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटावं. मुख्याध्यापकांनो, तुम्ही नाही म्हणू नका, कारण ही पोरं तुमच्याच बाकांवरून उठून गेली आहेत.

या दिवाळीला आटपाडी तालुक्यातलं एकही मूल केवळ भाडं नाही म्हणून परगावी राहता कामा नये. आज संध्याकाळीच चार घरांत जाऊन बोला, आणि पहिले चारशे रुपये स्वतः ठेवा.

आपला,
आटपाडी तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक